नाणेवाले कर्णिक

श्यामसुंदर कर्णिकांच्या पँटचा उजवा खिसा दर दोन-तीन महिन्यांनी फाटायचा. वैजयंतीबाई तो शिवायला घ्यायच्या आणि दर वेळी तेच बोलायच्या, "अहो, माणसं खिशात रुमाल ठेवतात. तुम्ही काय भंगार घेऊन फिरता?"

"भंगार नाही, चलन आहे ते. भारत सरकारचं," कर्णिक म्हणायचे, आणि शिवलेल्या खिशात पुन्हा मूठभर दहाची नाणी ओतायचे.

हे कर्णिक एका बँकेतले निवृत्त हेड कॅशियर. अख्खी हयात नोटांमध्ये गेली, आणि नोटांचा त्यांना असा काही वीट आला होता की विचारू नका. मळक्या, घामेजलेल्या, चिकटपट्टी लावलेल्या, कुणा दिवट्याने प्रेयसीचं नाव लिहून ठेवलेल्या नोटा! निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवूनच टाकलं, बास, आता नाणी वापरायची. नोटेची चार दिवसांत चिंधी होते, नाणं वर्षानुवर्षं चालतं, छपाईचा खर्च वाचतो. हे त्यांचं म्हणणं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

पण घणसोलीत तेव्हा एक खूळ शिरलं होतं. दहाचं नाणं म्हणे नकली असतं! कुणी म्हणे दहा रेघांचं खरं आणि पंधरा रेघांचं खोटं. कुणी म्हणे ते आता बंदच झालंय. वाणी घेईना, रिक्षावाला घेईना, चहावाला तर नाणं दिसलं की हातच मागे घेई. कर्णिकांचं डोकं तडकलं. रिझर्व्ह बँक घसा फोडून सांगतेय की सगळी नाणी खरी आहेत, आणि हे दीडशहाणे कोण लागून गेले? त्यांच्या जुन्या शाखेत नाण्यांच्या पिशव्या धूळ खात पडल्या होत्या. त्यातली एकेक ते दर महिन्याला घरी आणू लागले आणि सेक्टरभर वाटत सुटले. लोक त्यांना नाणेवाले कर्णिक म्हणायला लागले. हे कौतुकाचं नाव आहे अशी कर्णिकांची प्रामाणिक समजूत होती.

आता गंमत बघा. वाण्याने हुशारीने सुटका करून घेतली. "काका, महिन्याचं एकदम द्या ना, चेक चालेल," म्हणाला. दूधवाल्याने तेच केलं. रिक्षावाले कर्णिकांना लांबून ओळखायला लागले आणि मीटर पाडण्याआधीच "सुट्ट्या नोटा आहेत का?" असं विचारायला लागले. एकेक करत सगळे निसटले. नाणी खरोखर घेणारं माणूस उरलं एकच, ते म्हणजे फुलवाल्या चांगुणाबाई.

चांगुणाबाई जवळच्याच तळवली गावच्या. सोसायटीच्या गेटाशी, वॉचमनच्या केबिनला टेकून त्यांची टोपली असायची. सकाळी झेंडू, शेवंती, दूर्वा, तुळस, सगळं पानात बांधून फुलपुड्या तयार. टोपलीला त्यांच्या मुलाने, हरेशने, मोबाइलने पैसे भरायचा चौकोनी कागद प्लास्टिकमध्ये घालून लावून दिला होता. सोसायटीतली सगळी मंडळी जाता जाता मोबाइल दाखवून पुडी उचलायची. फक्त कर्णिक खिशात हात घालायचे आणि खण्णकन दोन नाणी टोपलीत टाकायचे.

पहिल्या दिवशी चांगुणाबाईंनी ती नाणी उचलून परत पुढे केली होती. "सायेब, यो नानं कोनी घेत नाय. नोट द्या ना."

झालं! कर्णिक तिथेच सुरू झाले. सकाळची वेळ, शाळेच्या बसला मुलं सोडायला आलेल्या बाया, वॉचमन, दोन-चार म्हातारे, सगळे बघताहेत. "कोणी घेत नाही म्हणजे? हे सरकारचं नाणं आहे. हे नाकारणं गुन्हा आहे, कळलं? मी आत्ता पोलिसात दिलं ना तुम्हाला, तर टोपली उचलून नेतील!"

चांगुणाबाईंनी नाणी पदराच्या टोकाला बांधली आणि फुलपुडी दोन्ही हातांनी पुढे केली. त्यानंतर त्यांनी नाण्याबद्दल एक अक्षर काढलं नाही.

हा किस्सा कर्णिकांचा फार लाडका. खारघरला मुलाकडे, ऋषीकडे गेले की तिथे सांगायचे. कट्ट्यावर सांगायचे. "एकदाच खडसावलं, पण बाई सुधारली. आता मुकाट घेते. अहो, समज दिली की साधी माणसं बदलतात, तुम्हा शिकलेल्यांचंच अवघड आहे." वैजयंतीबाई अशा वेळी चहाचे कप गोळा करायच्या निमित्ताने आत निघून जायच्या.

असं दोन-अडीच वर्षं चाललं.

चैत्रात एक दिवस हरेश घरी आला. हातात नारळ, कपाळाला गुलाल. त्याने कर्णिकांच्या पाया पडूनच सुरुवात केली.

"काका, रविवारी आमच्या गावदेवीची जत्रा हाय. संध्याकाळी पालखी निघायच्या आधी देवळात तुमचा सत्कार करायचाय. काकींना घेऊन यायचं, कारण नाय सांगायचं."

"माझा सत्कार? अरे, मी काय केलं?"

"ते तिथंच कळंल तुमाला," हरेश हसत म्हणाला. "गावात सगळ्यांना ठाऊक हाय. नाण्यांचं काम हाय ना तुमचं?"

कर्णिकांची छाती दोन इंच फुगली. दार लावल्यावर ते हॉलमध्ये येरझाऱ्या घालायला लागले. "बघितलंस वैजू? सोसायटीतलं कुणी कधी दोन शब्द बोललं नाही. आणि गावाने दखल घेतली! जनजागृती म्हणतात ती हीच."

"तुम्ही त्याला नीट विचारलं का, कशाचा सत्कार ते?" वैजयंतीबाई म्हणाल्या.

"तुझ्या तोंडून कधी चांगलं निघेल तर शपथ!"

दोन दिवस कर्णिकांनी भाषण लिहिलं. नाण्याचं आयुष्य, नोटेचं आयुष्य, अफवा आणि नागरिकांचं कर्तव्य. आरशासमोर उभं राहून म्हणून बघितलं. रविवारी ठेवणीतला रेशमी झब्बा काढला, भाषणाची घडी खिशात ठेवली आणि जोडीने तळवलीला निघाले.

देऊळ छोटंसंच, पण त्या दिवशी नुसतं उजळून निघालं होतं. आंब्याची तोरणं, रंगीत पताका, एका बाजूला ब्रास बँडवाले वाजवण्याच्या तयारीत. हरेश धावत आला, दोघांना पुढच्या खुर्च्यांवर बसवलं, थंडगार सरबत दिलं. म्हातारेकोतारे येऊन कर्णिकांना हात जोडून जात होते. कर्णिक मान लववून सगळ्यांना नमस्कार करत होते, आणि खरं सांगायचं तर इतका आनंद त्यांना निवृत्तीच्या समारंभातही झाला नव्हता.

तेवढ्यात चांगुणाबाई आल्या. अंगावर हिरवंगार नवं लुगडं, नाकात नथ. गेटाशी टोपलीमागे बसलेल्या चांगुणाबाई इतक्या उंच असतील असं कर्णिकांना कधी वाटलं नव्हतं. त्या वैजयंतीबाईंच्या शेजारी टेकल्या आणि पालखीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बाय, ती बगा छत्री. चांदीची हाय. तुमच्या सायबांच्या पैशांची."

वैजयंतीबाईंनी कर्णिकांकडे पाहिलं. कर्णिकांनी खांदे उडवले.

"आमचे पैसे? आम्ही कुठे दिले देवळाला?"

"अवो, ती नानी नाय का? रोज सायेब द्यायचं ती." चांगुणाबाई अगदी सहज बोलत होत्या, भाजीचा भाव सांगावा तशा. "बाजारात फुलं घेतलीन तर तो व्यापारी घेत नाय. रिक्षावाला घेत नाय. बँकेत नेलीन, तर म्हनले इथं तुमचा खाता नाय. हरेशच्या बँकेतनंबी परत पाठवलं. मग करू काय? घरात ठेवून सडवू? देवीच्या दानाच्या हंड्यात टाकत गेलू. देवीशिवाय घेतंय कोन? देवस्थानचा खाता हाय, त्यांची नानी बँक घेते."

"सगळी?" वैजयंतीबाईंचा आवाज बारीक झाला. "रोजची सगळी?"

"मग काय तर. देवीच्या भगतानं इचारलं, चांगुणे, कोनाचं नाव घालू? मी म्हनलं, सायबांचं घाल. नानी त्यांचीच ना."

"अहो, पण ते तुमचे पैसे! तुमच्या फुलांचे!"

"फुलांचं काय, बाकीचे देतात ना मोबाइलवर. ते जातात हरेशच्या खात्यात, घर चालतं त्याच्यावर." चांगुणाबाई जरा थांबल्या आणि लुगड्याचा पदर सारखा करत हसल्या. "माज्या हातात तेवढीच यायची, सायबांची. वाटायचं, एकांदा दिस नोट दिली तर नातीला काय तरी घेऊन जाईन. पन सायेब पोलिसांचं बोललेलं ना. मी भ्याले, बाय. टोपली नेली असती तर?"

कर्णिक दोन हातांच्या अंतरावर बसले होते. सगळं ऐकू आलं होतं. हातातलं सरबत त्यांनी खाली ठेवलं, ते नीट ठेवलं गेलं नाही, पेला कलंडला आणि सगळं चपलेवर सांडलं. त्यांच्या कानशिलांतून गरम वाफा निघायला लागल्या. दोन-अडीच वर्षं! रोज सकाळी ऐटीत खण्णकन आवाज काढून आपण या बाईची फुलं फुकट उचलली. फुकटच, दुसरं काय? हेड कॅशियर म्हणवतो आपण स्वतःला! ज्या नाण्याचं बाजारात काही येत नाही ते समोरच्याच्या गळ्यात मारायचं आणि वर पोलिसांची भीती घालायची. वाण्याला खडसावणं आपल्याला नाही जमलं, दूधवाल्याला नाही. जमलं ते हिच्यापुढे. आणि तो किस्सा! खारघरला, कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत सांगितलेला तो किस्सा! बाई सुधारली म्हणे!

त्यांनी वैजयंतीबाईंकडे पाहिलं. त्या त्यांच्याकडे बघत नव्हत्या. पालखीवरच्या छत्रीकडे बघत होत्या आणि त्यांचे डोळे भरले होते.

"वैजू, आपण निघू या," कर्णिक कुजबुजले.

"आता?" त्या म्हणाल्या. "आता कुठे जाणार तुम्ही?"

तेवढ्यात कर्ण्यावरून हरेशचा आवाज घुमला. "मंडळी, शांत व्हा! देवीच्या चांदीच्या छत्रीसाठी ज्यांनी रोज, न चुकता, गाजावाजा न करता देणगी दिली, असे आपले बँकेतले श्यामसुंदर कर्णिक सायेब! त्यांनी पुढं यावं अशी इनंती करतो!"

टाळ्या कडाडल्या. कुणीतरी कर्णिकांना दंडाला धरून उठवलं. ते पुढे गेले. भगताने कपाळाला गुलाल लावला, अंगावर शाल टाकली, हातात नारळ दिला. समोर अख्खं गाव. पहिल्या रांगेत चांगुणाबाई, दोन्ही हात जोडून, तोंडभर हसत. कर्णिकांना वाटलं, आत्ताच्या आत्ता जमीन फाटावी.

"काका, दोन शब्द बोला," हरेशने माइक पुढे केला.

खिशातल्या भाषणाला त्यांनी हात लावला नाही. सांगून टाकायचं, त्यांनी ठरवलं. सगळं सांगून टाकायचं.

"हे पैसे..." त्यांनी माइक हातात घेतला. "हे पैसे माझे नाहीत. मी काही दिलेलं नाही. हे चांगुणाबाईंचे पैसे आहेत. मान त्यांचा आहे, माझा नाही."

मग मागून एक म्हातारा जोरात म्हणाला, "वाह सायेब, वाह!" आणि टाळ्यांचा पाऊस सुरू झाला. हरेशने माइक परत घेतला. "ऐकलंत? एवढं दिलं, आनि वर बोलतात माजं काय नाय! याला म्हनतात मोठं मन!"

"अरे, नाही रे बाबा, तसं नाही..." कर्णिक बोलत होते, पण माइक आता हरेशच्या हातात होता.

त्याच्या हातातून माइक ओढून घ्यायला किती वेळ लागला असता? पुढचं वाक्य कर्णिकांच्या ओठांवर होतं. मी या बाईंना पोलिसांची धमकी दिली होती, हे ते वाक्य. एवढंच बोलायचं होतं. समोर टाळ्या वाजवणारे हात होते, खांद्यावर शाल होती. कर्णिकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग बँड सुरू झाला, पालखी उचलली गेली, आणि ती वेळ गेली ती गेलीच. खोटं सांगण्यात अर्थ नाही, बँड सुरू झाल्यावर कर्णिकांना हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचीच त्यांना नंतर सगळ्यात जास्त लाज वाटली.

गर्दी पालखीमागे निघाली तसं कर्णिकांनी चांगुणाबाईंना देवळाच्या मागे गाठलं. वैजयंतीबाईंच्या पर्समध्ये होत्या नव्हत्या तेवढ्या नोटा त्यांनी मागून घेतल्या होत्या.

"चांगुणाबाई, हे घ्या. बाकीचे उद्या बँकेतून काढून देतो. सगळे देतो. नाही म्हणू नका."

चांगुणाबाई दोन पावलं मागे सरकल्या. "कशाचं सायेब?"

"त्या नाण्यांचे. तुमचे पैसे आहेत ते. मला माहीत नव्हतं, खरंच माहीत नव्हतं."

"अवो, असं कसं घेऊ? देवीला घातलेलं परत घेतात का कोन?" त्यांच्या चेहऱ्यावर त्या संध्याकाळी पहिल्यांदा भीती आली, गेटाशी त्या सकाळी आली होती तशीच. "तुमी ते परत दिलं तर देवीचं काय ऱ्हायलं? माज्या पोराबाळांच्या घरात नको यायला ते. ठेवा, सायेब, पाया पडते."

कर्णिकांनी नोटा मुठीत चुरगाळल्या. एवढ्या वर्षांच्या हिशेबात कधी पैशाचा फरक आला नव्हता त्यांच्या. आणि आज चूक दिसतेय, हातात पैसे आहेत आणि फेडायला वाटच नाही!

"मग मला माफ तरी करा," ते कसेबसे म्हणाले. "त्या दिवशी मी तुम्हाला गेटाशी जे बोललो, ते..."

"ते होय?" चांगुणाबाई एकदम मोकळ्या झाल्या. "ते कवाच इसरले मी. तुमी मोठी मानसं, बोलनारच. चला, परसाद घ्या."

तुमी मोठी मानसं! कर्णिकांना ते शब्द मुस्काटात बसल्यागत लागले. विसरल्या असत्या तर मघाशी वैजयंतीला कसं सांगितलं? विसरल्या नव्हत्या. फक्त कर्णिकांनी असं बोलायचंच असतं, हे त्यांनी धरून टाकलं होतं.

दोघं घरी आले. वैजयंतीबाईंनी शाल घडी करून टेबलावर ठेवली, कपाटात नाही. कर्णिकांनी ऋषीला फोन लावला, घंटा वाजली, आणि त्याने उचलायच्या आत ठेवून दिला. काय सांगणार होते? तो किस्सा आता उलटा सांगायचा तर कुठून सुरू करायचा?

"सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं मी," फोन बाजूला सारत ते म्हणाले.

"हो," वैजयंतीबाई म्हणाल्या. "सांगायला हवं होतंत. आणि मीही इतकी वर्षं नुसती खिसेच शिवत बसले."

दुसऱ्या दिवशी सकाळी कर्णिक खाली उतरले. बसला मुलं सोडणाऱ्या बाया होत्या, म्हातारे होते, वॉचमन होता. सगळी तीच मंडळी. टोपलीशी जाताना त्यांना वाटलं, हीच वेळ आहे, इथे तरी सांगावं. त्यांनी पन्नासची करकरीत नोट काढून पुढे केली आणि घसा खाकरला.

चांगुणाबाईंनी नोटेकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. त्यांचा चेहरा असा उजळला की कर्णिकांना तिकडे बघवेना. नोट त्यांनी दोन्ही बाजूंनी बघितली, कपाळाला लावली आणि चोळीत सरकवली. फुलपुडी दिली. मग सुटे देण्यासाठी पदराची गाठ सोडली. वीसची एक मळकी नोट निघाली. आणखी दहा द्यायचे होते. त्यांनी गाठ चाचपली, टोपलीतल्या पानांखाली बघितलं, आणि शेवटी एक नाणं काढून ओशाळल्यासारखं तळहातावर धरलं. कर्णिकांनीच परवा दिलेलं होतं ते, जत्रेच्या गडबडीत हंड्यात टाकायचं राहून गेलेलं.

"सायेब, दुसरं नाय माज्याकडं. चालंल ना हे?" आणि मग त्या स्वतःशीच खुदकन हसल्या. "नको असंल तर ऱ्हाऊ द्या, उद्या नोट देते. आमी काय पोलिसात देत नाय तुमाला!"

वॉचमन हसला. बसपाशी उभ्या असलेल्या दोघी हसल्या. सगळ्यांना तो किस्सा ठाऊक होता, कर्णिकांनीच सांगितलेला.

कर्णिकांनी फुलपुडी खाकोटीला मारली आणि नाणं घ्यायला दोन्ही हात पुढे केले. बोलायचं ठरवलेलं सगळं घशातच राहिलं. चांगुणाबाईंनी ठेवलेलं नाणं त्यांच्या ओंजळीतून निसटून खाली पडलं, केबिनपर्यंत गडगडत गेलं, आणि सगळ्यांच्या देखत कर्णिकांना वाकून ते उचलावं लागलं.